हातचा सांभाळणारे यंत्र

कॅल्क्युलेटरवर बेरीज करताना हातचा धरावा लागत नाही, याचे आज कुणालाच काही वाटत नाही. किराणा दुकानदार, बँकेतला कारकून, सलाइनचे थेंब मोजून वेग ठरवणारी परिचारिका, सगळे आकडे दाबतात आणि उत्तर वाचतात. हा हातचा माणसाच्या डोक्यातून काढून यंत्राच्या पोटात घालावा, यासाठी सतराव्या शतकातला एक फ्रेंच तरुण सुमारे दहा वर्षे झगडला. एक नमुना बनवायचा, तो वापरून पाहायचा, खोट दिसली की मोडून दुसरा बनवायचा, असे त्याने ५० हून अधिक वेळा केले. या काळात त्याची प्रकृती एकदाही धड नव्हती. त्याचे नाव ब्लेझ पास्कल.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्सच्या ओव्हेर्न्य प्रांतातल्या क्लेरमाँ या गावी झाला. वडील एतिएन पास्कल तिथल्या कर-न्यायालयात वरिष्ठ अधिकारी होते आणि स्वतः चांगले गणिती होते. ब्लेझ वर्षाचा असताना इतका आजारी पडला की मूल हातचे जाते की काय, अशी वेळ आली. पोट फुगलेले, अंग वाळत चाललेले, पाणी दिसले की आकांत. घरातल्यांनी एका गरीब बाईवर करणीचा संशय घेतला आणि उताऱ्याचे प्रकारही झाले. पुढे त्याच्या भाचीने हे सगळे लिहून ठेवले. पोट फुगणे आणि अंग वाळणे ही लक्षणे कुपोषणापासून क्षयापर्यंत कितीतरी आजारांत दिसतात. चारशे वर्षांनंतर त्यावरून निदान करत बसण्यात अर्थ नाही. मूल वाचले एवढे खरे.

१६२६ मध्ये आई गेली. ब्लेझ तेव्हा तीन वर्षांचा होता. मोठी बहीण जिल्बर्त, धाकटी जॅकलिन आणि तो, अशा तिघांना घेऊन वडील १६३१ मध्ये पॅरिसला आले आणि मुलांना स्वतःच शिकवू लागले. त्यांचा नियम असा की आधी भाषा पक्क्या व्हायच्या आणि गणित नंतर, नाहीतर मुलाला दुसरे काही सुचणार नाही. पुस्तके कपाटात बंद झाली. बारा वर्षांचा मुलगा कोळशाने जमिनीवर आकृत्या काढत भूमिती स्वतःच शोधू लागला, असे जिल्बर्तने त्याच्या चरित्रात नोंदवले आहे. बहिणीच्या कौतुकाचा भाग त्यातून वजा केला, तरी सोळाव्या वर्षी शंकुच्छेदांवर त्याने लिहिलेला निबंध १६४० मध्ये छापला गेला, ही गोष्ट उरतेच.

त्या आधी घरावर एक संकट येऊन गेले होते. १६३८ मध्ये सरकारने रोख्यांवरचे उत्पन्न कापले. एतिएनची बरीच पुंजी त्यात होती. निषेध करणाऱ्यांत ते पुढे होते, म्हणून कार्डिनल रिशल्यच्या रोषाला घाबरून त्यांना पॅरिस सोडून लपावे लागले. त्याच सुमारास जॅकलिनला देवी आल्या. पकडले जाण्याचा धोका पत्करून बाप गुपचूप परतला आणि मुलीची शुश्रूषा करत राहिला. ती बरी झाली, पण चेहऱ्यावर व्रण राहिले. पुढच्या वर्षी याच मुलीने रिशल्यसमोर एका नाटकात काम केले आणि वडिलांसाठी क्षमा मागितली. क्षमा मिळाली. पाठोपाठ एक नोकरीही मिळाली आणि ती नोकरी म्हणजे जवळपास शिक्षाच होती.

एतिएन पास्कलची नेमणूक नॉर्मंडीतल्या रुआं शहरी करवसुलीच्या कामावर झाली. १६३९ मध्ये नॉर्मंडीत करांविरुद्ध मोठा उठाव होऊन गेला होता. दप्तरे विस्कटलेली होती, गावोगावच्या पट्ट्या नव्याने बसवायच्या होत्या. महिनोन्‌महिने एतिएनना रात्री दोनच्या आधी अंथरूण दिसत नसे. मदतीला मुलगा बसे. हिशोबाची साधने म्हणजे कागद, लेखणी आणि पाटावर सरकवायच्या चकत्या.

या हिशोबाचा त्रास आपल्याकडच्या जुन्या पिढीला लगेच कळेल. १९५७ पूर्वी आपला रुपया १६ आण्यांचा आणि आणा १२ पैंचा होता. पावकी-निमकी पाठ असल्याशिवाय दुकानातही निभाव लागत नसे. फ्रान्समध्ये लिव्र हे चलन २० सोलांचे आणि सोल १२ दनिएंचा होता. म्हणजे दनिएंची बेरीज करताना बाराला हातचा, सोलांची करताना विसाला हातचा आणि लिव्रच्या रकान्यात दहाला हातचा. लांबलचक यादीत एक हातचा विसरला की तळाची बेरीज चुकते आणि चूक कुठे झाली हे शोधायला सगळी यादी पुन्हा करावी लागते. वाचन, बेरीज आणि हातचा लक्षात ठेवणे, या तिन्हींत थकलेल्या मेंदूकडून आधी निसटतो तो हातचाच.

१६४२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, पास्कलने या एका दुखण्यावर बोट ठेवले.

यंत्र दिसायला साधे आहे. पितळेची एक लांबट पेटी, साधारण बुटाच्या खोक्याएवढी. वर ओळीने चाके, प्रत्येक रकान्याला एक. जुन्या टेलिफोनच्या तबकडीत बोट घालून फिरवत, तसे चाकाच्या आऱ्यांमध्ये काडी घालून ते फिरवायचे. चाकामागच्या छोट्या खिडकीत आकडा दिसतो. तीन मिळवायचे असतील तर चाक तीन घरे फिरवा. इथपर्यंत कोणताही हुशार घड्याळजी पोचला असता.

अडचण नऊच्या पुढे. नवाचा शून्य होताना शेजारचे डावीकडचे चाक बरोबर एक घर सरकले पाहिजे. एका चाकाचा दात दुसऱ्यात अडकवून हे करता येते, पण मग ९९,९९९ मध्ये १ मिळवताना काय होईल? उजवीकडच्या एका चाकाला पुढची पाचही चाके ढकलावी लागतील. घर्षण वाढत जाते, काडीवर जोर द्यावा लागतो, दाते वाकतात. जर्मनीत विल्हेल्म शिकार्ड या प्राध्यापकाने पास्कलच्या जन्मवर्षीच, १६२३ मध्ये, असे यंत्र योजले होते. त्याची माहिती केप्लरला लिहिलेल्या पत्रांत आहे. तयार होत आलेले एक यंत्र आगीत गेले आणि पुढे विसाव्या शतकापर्यंत ही गोष्ट जगाच्या विस्मरणात होती. पास्कलला तिचा पत्ता असण्याचे कारण नव्हते.

त्याने काढलेला तोडगा सुंदर आहे. प्रत्येक चाकाबरोबर त्याने वजनाची एक छोटी तरफ जोडली. चाक नवाकडे जात असताना ती तरफ हळूहळू वर उचलली जाते. नवाचा शून्य झाला की ती सुटते, स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि पडता पडता शेजारच्या चाकाला एक घर ढकलते. त्या चाकावरही नऊ असेल, तर त्याची तरफ आधीच उचललेली आणि पडायला तयार असते. म्हणजे पाच हातचे आले तरी सगळा जोर पहिल्या चाकावर येत नाही. प्रत्येक चाकाने आपल्या हातच्यापुरती ताकद आधीच साठवून ठेवलेली असते. वापरणाऱ्याच्या हाताला काही कळतही नाही. खट्, खट्, खट् असा आवाज डावीकडे सरकत जातो आणि खिडक्यांत शून्ये दिसू लागतात.

या तोडग्याची किंमतही होती. वजन खाली पडण्यावर सगळे अवलंबून, म्हणून यंत्र सपाट ठेवूनच वापरायचे. आणि चाके उलटी फिरत नाहीत, म्हणजे वजाबाकी थेट होत नाही. त्यावर पास्कलने पूरक अंकांची युक्ती वापरली. ७२३ मधून २५८ वजा करायचे आहेत. ७२३ चा प्रत्येक अंक नवातून वजा केला की २७६ येतात. त्यात २५८ मिळवले की ५३४. आता याचे पुन्हा नवातून पूरक काढले की ४६५, हेच उत्तर. गिऱ्हाइकाला हे गणित करायला लागू नये म्हणून खिडकीमागच्या नळकांड्यावर अंकांच्या दोन ओळी कोरल्या, एक सरळ आणि एक पूरक. वरची पट्टी सरकवली की एक ओळ झाकते आणि दुसरी दिसते. वजाबाकी करणाऱ्याला आपण प्रत्यक्षात बेरीज करतो आहोत हे जाणवतही नाही. गुणाकार मात्र पुन्हा पुन्हा बेरीज करूनच करावा लागे.

यंत्र शून्यावर आणण्याची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. सगळ्या खिडक्यांत नऊ आणायचे आणि उजवीकडे एक मिळवायचा. सगळी शून्ये आली, तर हातच्याची साखळी शाबूत आहे. एखादे चाक अडले, तर ते तिथेच उघडे पडते.

हे सगळे पहिल्या फटक्यात जमलेले नाही. पास्कलने स्वतःच नोंदवले आहे की त्याने ५० पेक्षा जास्त नमुने केले, सगळे वेगवेगळे. काहींत सरळ पट्ट्या, काहींत वाकड्या, काहींत साखळ्या. कुठे शंकू, कुठे नळकांडी. लाकूड, हस्तिदंत, शिसवी, तांबे, सगळे वापरून झाले. चालणारे यंत्र हाती आल्यावरही तो थांबत नसे, कारण चालणे वेगळे आणि टिकणे वेगळे. बग्गीतून नेल्यावर, धक्के बसल्यावर ते बिघडते का? त्याने एक यंत्र २५० कोसांहून जास्त, म्हणजे आपल्या हिशोबाने सुमारे हजार किलोमीटर, प्रवासात फिरवून पाहिले आणि ते जसेच्या तसे चालले. नवे औषध बाजारात आणण्याआधी जी परीक्षा घेतली जाते, तिच्या जातीचीच ही परीक्षा होती.

नमुने वेगळे असण्याचे दुसरे कारण म्हणजे वापरणारे वेगळे होते. करवसुलीच्या हिशोबनीसाला सोल आणि दनिएंचे रकाने हवेत. जमीन आणि बांधकाम मोजणाऱ्याला तोआझ, फूट, इंच हवेत, जिथे हातचा सहाला आणि बाराला येतो. निव्वळ गणित करणाऱ्याला सगळे रकाने दहाचे हवेत. म्हणून पाच चाकांपासून दहा चाकांपर्यंतची, उजव्या टोकाला निरनिराळे दाते असलेली यंत्रे तयार झाली.

मध्येच एक प्रकार घडला आणि सगळे थांबले. रुआंमधल्या एका घड्याळजीने पास्कलच्या पहिल्या यंत्राचे नुसते वर्णन ऐकून तसेच यंत्र बनवले. बाहेरून गुळगुळीत, चकचकीत आणि आतून निकामी. ते कौतुकाची वस्तू म्हणून एका संग्रहात जाऊन बसलेही. पास्कलला याचा इतका संताप आला की त्याने आपले सगळे कारागीर काढून टाकले आणि काम सोडून दिले. त्याची भीती गैर नव्हती. लोक ही नक्कल चालवून पाहतील, ती चुकेल, आणि असे यंत्र होणेच शक्य नाही असा निवाडा देऊन मोकळे होतील. बनावट औषधाने गुण आला नाही की रोगी खऱ्या औषधावरचाही विश्वास सोडतो, त्यातलाच हा प्रकार. चॅन्सेलर पिएर सेगिए यांनी उत्तेजन दिल्यावर तो पुन्हा कामाला लागला. १६४५ मध्ये त्याने सुधारलेले यंत्र त्यांनाच अर्पण केले आणि २२ मे १६४९ रोजी राजाकडून सनद मिळाली. त्याच्या परवानगीशिवाय असे यंत्र कुणीही बनवायचे नाही आणि बनवल्यास दंड.

१६४५ च्या अर्पणपत्रासोबत त्याने एक छोटी पुस्तिका छापली. यंत्र पाहणाऱ्यांकडून येणाऱ्या शंकांना त्यात उत्तरे आहेत. आतली रचना फार गुंतागुंतीची आहे, साधी का नाही केली, या आक्षेपाला त्याचे उत्तर असे की वापरणाऱ्याचे काम सोपे व्हायचे असेल, तर गुंता यंत्राने सोसला पाहिजे. यंत्र कसे चालवायचे हे मात्र त्याने पुस्तिकेत सविस्तर लिहिलेच नाही. ही गोष्ट वाचून कळणारी नाही, समोर बसून दाखवली तर क्षणात कळते, असे त्याचे मत होते. दम्याच्या रुग्णाला इनहेलर देताना नुसते माहितीपत्रक हाती ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही. पास्कलने त्यासाठी सोयही केली. पॅरिसमधले गणिताचे प्राध्यापक रोबेर्वाल येणाऱ्याला यंत्र फुकट चालवून दाखवत, शिकवत आणि विकतही. भेटण्याची वेळ छापलेली होती. रोज सकाळी आठपर्यंत आणि शनिवारी दुपारभर.

लोकांचे म्हणणे काय होते? कौतुक पुष्कळ झाले, विक्री थोडी. किंमत सुमारे १०० लिव्र होती आणि ती सामान्य कारकुनाच्या आवाक्यातली नव्हती. १६४८ मध्ये बॅल्थाझार गर्बिए या गृहस्थाने इंग्लंडमधल्या आपल्या परिचिताला या यंत्राविषयी कळवले तेव्हा त्याचा सूर निरुत्साहाचा होता. वस्तू दुर्मीळ, महाग आणि ती चालवायला आधी गणित चांगले यावे लागते, असा त्याचा रोख होता. हे म्हणणे पूर्ण अन्यायाचे नाही. गुणाकारासाठी चाक किती वेळा फिरवायचे आणि कुठे सरकायचे, हे माणसालाच ठरवावे लागे. बिघडले तर दुरुस्ती करणारे गावोगाव नव्हते. ज्याला गणित येते त्याला यंत्राची निकड नाही आणि ज्याला येत नाही त्याला ते परवडत नाही, अशा पेचात ते अडकले.

आता प्रकृतीकडे. जिल्बर्तने लिहिले आहे की यंत्राच्या कल्पनेने भाऊ थकला नाही, कारागिरांना ती समजावून देण्यात थकला. कागदावरची आकृती पितळेत उतरवताना केसाएवढा फरक पडला तरी तरफ अडते, आणि असे काम त्या काळच्या कारागिरांनी कधी केलेले नव्हते. दोन वर्षे यात गेली. पुढच्या सगळ्या दुखण्यांचे मूळ तिने या श्रमात पाहिले. अठराव्या वर्षापासून दुखण्याशिवाय एकही दिवस गेला नाही, असे पास्कल स्वतः सांगत असे. घरच्या माणसांनी आजाराचे कारण डोळ्यांसमोरच्या कष्टांत शोधणे स्वाभाविक आहे. रुग्णालयात रोज हे ऐकू येते की परीक्षेचा अभ्यास केला म्हणून, जागरणे झाली म्हणून. पण त्याच्या आजाराचा पुढचा प्रवास पाहिला, तर यंत्राला दोष देता येत नाही. जागरणाने आणि चिंतेने दुखणे वाढले असेल, ते जन्माला आले असेल असे वाटत नाही.

१६४६ च्या जानेवारीत वडील बर्फावरून घसरले आणि मांडीला जबर दुखापत झाली. हाडे बसवण्यात निष्णात असे दोन भाऊ तीन महिने घरी राहून उपचार करत होते. ते कडक धार्मिक जान्सेन पंथाचे होते. त्यांच्या बोलण्यातून सगळे कुटुंब त्या पंथाकडे ओढले गेले.

पुढच्या वर्षी पास्कल स्वतः कोसळला. कमरेखालचा भाग लुळा, कुबड्यांशिवाय चालता येईना, पाय थंडगार, ते गरम राहावेत म्हणून ब्रँडीत भिजवलेले मोजे. डोके सतत दुखे, पोटात आग पडे. घशाखाली फक्त कोमट पातळ पदार्थ उतरे, तोही थेंबथेंब. अशा स्थितीत तो जॅकलिनबरोबर पॅरिसला आला. तिथे २३ सप्टेंबर १६४७ रोजी देकार्त त्याला भेटायला आले. रोबेर्वाल हजर होते, त्यांनी यंत्र चालवून दाखवले आणि देकार्तनी ते वाखाणले. मग निर्वात पोकळीवर वाद सुरू झाला आणि आजारी माणसाला तो सोसवेना. दुसऱ्या दिवशी देकार्त पुन्हा आले, ते प्रकृतीची चौकशी करायला. सकाळी थकवा येईपर्यंत अंथरुणात पडून राहा आणि मांसाचे सूप घ्या, हा त्यांचा सल्ला. त्या काळच्या रक्त काढणे आणि रेच देणे या उपायांच्या मानाने हा सल्ला निदान निरुपद्रवी होता.

पोकळीचा वाद साधा नव्हता. पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यात उपडी धरली की पारा ठरावीक उंचीवर थांबतो. त्याला तोलून धरते ते बाहेरच्या हवेचे वजन, असे असेल तर डोंगरावर पारा कमी उंचीवर थांबायला हवा. पास्कलला डोंगर चढणे शक्य नव्हते. १९ सप्टेंबर १६४८ रोजी जिल्बर्तचा पती फ्लोराँ पेरिए क्लेरमाँजवळच्या प्युइ द दोम या डोंगरावर गेला. माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटिमीटर खाली आला. त्याने तिथे जागा बदलून, उघड्यावर आणि आडोशाला, पाच वेळा मोजणी केली. तशीच दुसरी नळी गावातल्या मठात ठेवून एका साधूला दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले होते. तिच्यातला पारा हलला नाही. प्रयोगाशेजारी तुलनेसाठी न बदललेले एक उदाहरण ठेवायचे, ही वैद्यकीय संशोधनातली आजची शिस्त इथे पूर्णपणे पाळलेली दिसते. डॉक्टर अजूनही रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात, आणि दाबाच्या आंतरराष्ट्रीय एककाला पास्कलचे नाव आहे.

१६५१ मध्ये वडील वारले. ज्याच्या हिशोबांसाठी यंत्र जन्मले, तो माणूस गेला. पुढच्या जानेवारीत जॅकलिन पोर-रॉयालच्या मठात गेली. पास्कल एकटा पडला, थोडा समाजात मिसळला आणि १६५२ मध्ये यंत्राला पुन्हा एकदा मोठ्या लोकांपुढे नेले. एप्रिलमध्ये पॅरिसमधल्या एका सरदारपत्नीच्या दिवाणखान्यात प्रात्यक्षिक झाले. जूनमध्ये एक यंत्र स्वीडनच्या राणी क्रिस्तिनाकडे पत्रासह रवाना झाले. त्यातला दुवा होता राणीच्या दरबारातला बुर्दलो हा डॉक्टर. यानंतर यंत्राकडे त्याने फारसे पाहिले नाही.

पुढचे आयुष्य बहुतेक वाचकांना ठाऊक असते. १६५४ मध्ये फर्माशी पत्रव्यवहारातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला आलेल्या धार्मिक अनुभवाने त्याचे आयुष्य बदलले. मग पंथाच्या बाजूने लिहिलेली गाजलेली पत्रे, आणि मृत्यूनंतर छापली गेलेली टिपणे. १६५८ मध्ये दाढदुखीने झोप लागेना, तेव्हा मन रमवायला म्हणून त्याने चक्रजाचे अवघड प्रश्न सोडवले. १६५९ पासून प्रकृती इतकी खालावली की सलग काम होईना.

तरी मार्च १६६२ मध्ये त्याने मित्रांबरोबर पॅरिसमध्ये ठरावीक मार्गावर, ठरावीक वेळी, पाच सोल भाड्यात चालणाऱ्या घोडागाड्या सुरू केल्या. शहरातली ही पहिली सार्वजनिक वाहतूक. त्यातला वाटा ब्लुआ भागातल्या उपाशी लोकांना मदत म्हणून आगाऊ मिळावा, अशी त्याची खटपट होती.

त्या उन्हाळ्यात त्याने एका गरीब कुटुंबाला आपल्या घरात आसरा दिला होता. त्यातल्या मुलाला देवी आल्या. संसर्ग जिल्बर्तच्या मुलांपर्यंत जाऊ नये म्हणून आजारी मुलाला बाहेर काढण्याऐवजी, स्वतः अंथरुणाला खिळलेला पास्कलच बहिणीच्या घरी हलला. पोटात भयंकर कळा, डोकेदुखी, घेरी. धोका नाही, असे डॉक्टर शेवटपर्यंत म्हणत राहिले. नाडी ठीक आणि ताप नाही, यावर ते विसंबले होते. रोगी मात्र आपण जाणार हे ओळखून होता. मग झटके आले आणि १९ ऑगस्ट १६६२ रोजी, ३९ व्या वर्षी, तो गेला.

शवविच्छेदन झाले. जठर आणि यकृत आक्रसलेले, आतडी सडलेली. कवटीच्या आत मेंदूला लागून मेणात बोट दाबल्यासारखे दोन खळगे, त्यांत गोठलेले रक्त आणि पू. या वर्णनावरून कुणी पोटाचा कर्करोग, कुणी क्षय सुचवला आहे. कमरेखालचा लुळेपणा, पंधरा वर्षांचे चढउतार आणि शेवटचे झटके एकाच रोगात बसवणे अवघड जाते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला आज काही उरलेले नाही.

यंत्र मात्र पुढे चालले. १६७२ नंतर पॅरिसला आलेल्या लायब्निझने ते पाहिले आणि गुणाकारही थेट करणारे यंत्र बनवायला घेतले. १८२० मध्ये तोमा द कोलमार याच्या गणनयंत्राला सनद मिळाली. दप्तरांत खरोखर खपलेले हे पहिले यंत्र. विसाव्या शतकात निक्लाउस विर्थ यांनी आपल्या संगणकभाषेला पास्कल हे नाव दिले.

पास्कलची आठ-नऊ यंत्रे आज शिल्लक आहेत. काही त्याच्या क्लेरमाँत, एक ड्रेस्डेनला, काही पॅरिसच्या कला-उद्योग संग्रहालयात. पॅरिसमधल्या एका यंत्रात पास्कलच्या सहीची एक चिठ्ठी आहे. हे यंत्र तपासलेले आहे याची ही खूण, अशा अर्थाचा लॅटिन मजकूर, खाली आपले नाव, गाव सांगावे तसा ओव्हेर्न्यचा उल्लेख, आणि तारीख २० मे १६५२.